राणीच्या बागेचं मूळ काम



आजचा विषय आहे भायखळ्याची राणीची बाग. विषय जाहीर झाल्यावर अनेकांनी विचारलं, म्हणजे प्राणिसंग्रहालयावर बोलणार का? प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. मुंबईत वाढलेल्या माणसाला राणीची बाग म्हटलं की वाघ आठवतो, हत्ती आठवतो, हल्लीच्या मुलांना पेंग्विन आठवतो. पण ही बाग उभी राहिली तेव्हा तिथे प्राणिसंग्रहालय नव्हतं. त्यासाठी १८९० मध्ये आणखी पंधरा एकर जागा जोडण्यात आली. त्याआधी अठ्ठावीस वर्षं ही बाग होतीच. मग त्या अठ्ठावीस वर्षांत ती काय होती? कोणासाठी होती? आणि ते तिचं मूळ काम आज कोण करतं? हे तीन प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आधी जागेविषयी सांगतो.

भायखळ्याला लागून असलेला माझगाव हा मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एका बेटावरचा भाग. पोर्तुगीज अमदानीत हे सबंध गाव डिसूझा लिमा घराण्याकडे वतन म्हणून होतं. इथले आंबे नामांकित होते. वर्षातून दोनदा फळणाऱ्या इथल्या झाडांचं वर्णन जुन्या प्रवाशांनी आवर्जून केलं आहे. पुढे इंग्रजांच्या काळात किल्ल्यातल्या गर्दीला कंटाळलेले श्रीमंत व्यापारी आणि अधिकारी माझगाव-भायखळ्याला बंगले बांधून राहू लागले. मोठी आवारं, आमराया, घोड्यांचे तबेले असा तो सगळा मुलूख. त्यातल्याच एका मालमत्तेचं नाव होतं माउंट इस्टेट. आज राणीच्या बागेत तुम्ही ज्या जमिनीवर चालता, ती ही जमीन. एकेकाळी फाटकाबाहेरच्या माणसाला जिथे पाऊल टाकता आलं नसतं, तिथे आज कोणीही जातो. शहराच्या इतिहासात ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

ती कशी घडली? त्यासाठी शिवडीला जावं लागेल. पश्चिम भारतासाठी शेती आणि फळबागांच्या सुधारणेचं काम करणारी एक संस्था होती, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. तिला १८३५ मध्ये सरकारने शिवडीला जमीन दिली आणि तिथे वनस्पती उद्यान सुरू झालं. बाहेरून रोपं आणायची, इथल्या मातीत ती कशी वाढतात ते पाहायचं, कापूस, ऊस, फळं यांच्या चांगल्या जाती लोकांपर्यंत पोचवायच्या, असा हेतू. पंचवीस-सव्वीस वर्षांनी शहराला युरोपीय लोकांच्या दफनभूमीसाठी जागा हवी झाली आणि सरकारने शिवडीची जागा त्यासाठी घेतली. शिवडीचं आजचं ख्रिस्ती दफनस्थान ते हेच. उद्यानाला नवी जागा शोधणं भाग पडलं आणि माउंट इस्टेटच्या तेहतीस एकरांवर ते आलं. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बागेचं उद्घाटन झालं. आणि त्याच दिवशी, त्याच आवारात, आणखी एका इमारतीची पायाभरणी झाली. ती इमारत म्हणजे वस्तुसंग्रहालय.

एकाच दिवशी, एकाच आवारात, हे मी मुद्दाम पुन्हा म्हणतो. बाग आणि संग्रहालय शेजारी-शेजारी आले ते योगायोगाने आलेले नाहीत. ती एकच कल्पना होती.

कल्पना कोणाची होती? एकट्या सरकारची मुळीच नाही. १८५८ मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा आला, त्यानंतर मुंबईच्या नागरिकांची सभा भरली. तिच्यात पुढाकार होता जगन्नाथ शंकरशेट यांचा, म्हणजे आपल्या नाना शंकरशेटांचा. राणीच्या नावाने शहरात काहीतरी उभारायचं ठरलं. पुतळा उभारून मोकळं होता आलं असतं. त्यांनी ठरवलं, संग्रहालय आणि उद्यान उभारायचं, आणि त्यासाठी वर्गणी जमवायची. वर्गणीच्या कामाचे दोन चिटणीस होते. एक इंग्रज, जॉर्ज बर्डवुड. दुसरे डॉ. भाऊ दाजी लाड.

भाऊ दाजींवर मी जरा थांबणार आहे. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकला आणि १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतला डॉक्टर झाला. शिलालेख वाचणारा, नाणी जमवणारा, मुलींच्या शाळांसाठी झटणारा, पुढे दोनदा मुंबईचा शेरीफ झालेला हा माणूस. पण आजच्या विषयासाठी त्यांची एक गोष्ट महत्त्वाची आहे. महारोगावर औषध शोधण्यासाठी त्यांनी कडू कवठाच्या बियांचा अभ्यास केला. सह्याद्रीच्या जंगलात वाढणारं हे झाड. त्याच्या बियांतलं तेल ते रोग्यांवर वापरून पाहत होते. म्हणजे ज्या माणसाने या बागेसाठी वर्गणी जमवली, त्याच्या लेखी झाड म्हणजे बंगल्याची शोभा नव्हतं. झाड अभ्यासायचं होतं. त्याची बी फोडायची होती, तेल काढायचं होतं, रोगी बरा होतो का ते पाहायचं होतं.

आता बाग आणि संग्रहालय यांची जोडी कशी चालायची, ते पाहा. संग्रहालयाचा मूळ संग्रह जमू लागला तो १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या निमित्ताने. या देशात काय पिकतं, काय घडतं, त्याचे नमुने. आधी तो किल्ल्यातल्या टाउन बराकीत होता. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला बराकी हव्या झाल्या, संग्रह घाईने हलवला गेला आणि त्यात पुष्कळ नुकसान झालं. म्हणून स्वतंत्र इमारतीची गरज. त्या संग्रहात धागे होते, धान्यं होती, लाकडांचे नमुने होते, भांडी, विणकाम, नक्षीकाम होतं. वनस्पती बागेत जिवंत पाहायची, आणि तिच्यापासून माणसाच्या हाताने काय घडतं ते संग्रहालयात पाहायचं. शंभर पावलांच्या अंतरावर.

यात साम्राज्याचा स्वार्थ होता का? होता, आणि तो झाकायचं कारण नाही. वसाहतीतला कच्चा माल कोणता, तो कुठे मिळतो, विलायतेच्या बाजारात त्याला काय भाव येईल, याची ती मांडणी होती. पण नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी त्याच मांडणीकडे दुसऱ्या नजरेने पाहत होते. आपल्या मुलांनी आपल्या देशाची संपत्ती डोळ्यांनी पाहावी, तिचं शास्त्र शिकावं, ही त्यांची तळमळ होती. शाळेत न गेलेल्या माणसालाही इथे काही शिकता यावं. मालक एका हेतूने दार उघडतो आणि आत येणारा दुसऱ्याच हेतूने येतो, असं इतिहासात पुष्कळदा घडलेलं आहे. राणीच्या बागेत ते घडलं.

वर्गणी मात्र पुरी पडली नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले, मुंबईत शेअरांचं वेड आलं, आणि १८६५ मध्ये यादवी संपताच सगळं कोसळलं. संग्रहालयाच्या निधीलाही त्याचा फटका बसला. त्याच वर्षीच्या ३१ जुलैला नाना शंकरशेट वारले. भाऊ दाजींची सगळी मिळकत त्या घसरणीत गेली. अर्धवट इमारत अखेर सरकारने पुरी केली आणि २ मे १८७२ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८७४ मध्ये, भाऊ दाजी गेले. त्यांचं नाव या संग्रहालयाला मिळालं १९७५ मध्ये. एका शतकाने! उशीर झाला, पण नाव योग्य माणसाचं लागलं. बागही पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाली, जरी तुम्ही-आम्ही तिला अजून राणीची बागच म्हणतो.

१८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली, आणि तिची खरी प्रजा भोवती जमू लागली. भायखळा, लालबाग, परळ, चिंचपोकळी. गिरण्यांची धुरांडी उभी राहिली, चाळी उभ्या राहिल्या. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं झोपणाऱ्या कुटुंबाला रविवारी जायला जागा कोणती होती? राणीची बाग. कोकणातून, घाटावरून आलेला पाहुणा मुंबई बघायला निघाला की त्याला प्रथम कुठे नेत? राणीच्या बागेत. गावाकडच्या माणसाला आपल्या ओळखीची सावली शहरात पहिल्यांदा मिळायची ती इथेच. या बागेविषयी जो कोणी निर्णय घेतो, त्याने आधी ही प्रजा डोळ्यांसमोर आणायला हवी.

आता तुम्हाला बागेत घेऊन जातो. मुख्य प्रवेशाशी पोरबंदरच्या दगडातली कमान आहे, आत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिलेला घड्याळाचा मनोरा आहे. संग्रहालयाच्या बाजूला घारापुरीचा दगडी हत्ती आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तोच हा हत्ती. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडला, फुटला, आणि तुकड्यांनिशी इथे आला. विसाव्या शतकाच्या आरंभी ते तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. १९६५ मध्ये किल्ल्यातून काढलेला घोड्यावरचा सातवा एडवर्ड, म्हणजे मूळचा काळा घोडा, तोही इथेच आहे. पण या सगळ्यांवरून आज मी भराभर पुढे जातो, कारण मला तुम्हाला झाडांपाशी न्यायचं आहे.

ब्राउनिया नावाचं एक झाड आहे. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्याची कोवळी पालवी कधी जवळून पाहिली आहे का? फांदीच्या टोकाशी एक लांबट कळी सुटते आणि तिच्यातून पानांचा अख्खा झुबका एकदम खाली लोंबतो. मऊ, मलूल, तपकिरी-गुलाबी, त्यावर फिकट ठिपके. पाहणाऱ्याला वाटतं, झाडाला रोग लागला, पानं सुकली. काही दिवसांनी तीच पानं हिरवी होतात, ताठ होतात, आडवी पसरतात. फूल येतं ते पानांच्या आड, लालभडक फुलांचा गेंदच्या गेंद. रस्त्यावरून चालणाऱ्याला दिसतही नाही. फांदीखाली जाऊन मान वर करावी लागते.

उर्वशी आहे, ब्रह्मदेशातली. हिवाळा सरता सरता तिचे लांब देठांचे घोस झुंबरासारखे खाली सुटतात. लाल फूल, आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. मुंबईसारख्या शहरात हे झाड जगणं, फुलणं ही साधी गोष्ट नाही. त्याला दमट हवा लागते, मुळाशी ओल लागते, डोक्यावर मोठ्या झाडांचा आडोसा लागतो. भोवतीची झाडं तोडा, मुळांवर काँक्रीट ओता, उर्वशी जाईल. तिला वेगळं हलवून जगवता येत नाही. गोरखचिंच आहे, आफ्रिकेची. पाच बोटांच्या पंजासारखं पान, हत्तीच्या पायासारखं खोड, उन्हाळ्यात सगळं निष्पर्ण. पावसाळ्याच्या तोंडाशी तिची पांढरी फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्याकडे येतात, सकाळी ती खाली पडलेली असतात. कैलासपती आहे, ज्याची फुलं थेट खोडातून फुटतात. मादागास्करचं कोल्व्हिलिया आहे, पावसाळा संपला की नारिंगी घोसांनी पेटतं. तीन हजारांहून अधिक झाडं, पावणेतीनशेहून अधिक जाती. यातल्या पुष्कळ झाडांचा दुसरा नमुना या शहरात शोधून सापडायचा नाही.

आता प्रश्न असा की, शंभर-सव्वाशे वर्षांचं ब्राउनिया आणि संग्रहालयातली शंभर-सव्वाशे वर्षांची बिदरी सुरई, यात वारसा कोणता?

या प्रश्नाचं आपण कसं उत्तर दिलं ते गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दिसून आलं. एका बाजूला संग्रहालय. ते मोडकळीला आलं होतं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला. तस्नीम झकारिया मेहता यांनी धुरा घेतली, वास्तुरचनाकार विकास दिलावरी यांनी जीर्णोद्धार केला. लोखंडी खांब, फरशी, छत, फिक्या हिरवट रंगावरचा सोन्याचा मुलामा, सगळं पुन्हा उजळलं. २००५ मध्ये युनेस्कोचा सर्वोच्च आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. त्यानंतर सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट यांच्यासारख्या चित्रकार-शिल्पकारांनी त्या जुन्या दालनांत आपलं काम मांडलं. मृतवत झालेली वास्तू शहराचं सांस्कृतिक केंद्र झाली. सरकारी यंत्रणा, खाजगी देणगी आणि जाणकार माणसं एकत्र आली तर काय होतं, याचं इतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात थोडंच आहे. मी त्याचं मनापासून कौतुक करतो.

आणि दुसऱ्या बाजूला, त्याच आवारात, त्याच महापालिकेने २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या कायापालटाची चारशे कोटींच्या वरची योजना आणली. परदेशी सल्लागार, नवे पिंजरे, नवे रस्ते, नवी बांधकामं. त्या आराखड्यात झाडांचं काय होणार होतं? हा प्रश्न आधी कोणी विचारला? मुंबईतल्या काही नागरिकांनी. त्यात स्त्रियाच पुढे होत्या. त्यांनी बागेत फिरून झाडं मोजली, ओळखली, त्यांची यादी केली, आणि ती यादी घेऊन त्या एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेल्या. वारसा समितीपुढे गेल्या. योजना अडली, बदलली. हातात झाडांची यादी होती म्हणून हे झालं. नुसत्या घोषणांनी झालं नसतं. मी या व्यासपीठावरून त्या सगळ्यांना नमस्कार करतो.

संग्रहालय वाचवणं आपल्याला समजलं, कारण तिथे भिंती आहेत, छत आहे, काचेची कपाटं आहेत. बाग वाचवण्यासाठी मात्र लढावं लागलं. वस्तू वारसा ठरली आणि झाड अडथळा ठरलं. भाऊ दाजींना हे समजलं नसतं. त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं.

पेंग्विन आणण्यालाही माझा विरोध आहे, पण तो मुलांच्या आनंदाला विरोध म्हणून नाही. २०१६ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी भायखळ्याच्या उकाड्यात थंड खोलीत आणून ठेवला. पुढच्या वर्षी तिकीट वाढलं. पाच रुपयांचं पन्नास झालं. कुटुंबासाठी सवलतीचं तिकीट ठेवलं, हे खरं. तरीही ज्या चाळीतल्या माणसासाठी ही बाग होती, ज्याला नुसतं एखाद्या झाडाखाली बसायचं आहे, त्याने पेंग्विनचा खर्च का द्यावा? मुलगा आत येतो, पेंग्विनच्या रांगेत उभा राहतो, वाघ पाहतो आणि घरी जातो. वाटेत तो गोरखचिंचेखालून गेलेला असतो. त्याला ते कोणीच सांगितलेलं नसतं.

मग करायचं काय? माझी पहिली आणि मुख्य मागणी ही की, बाग आणि संग्रहालय यांचा संसार पुन्हा एक व्हावा. आज दोन तिकिटं, दोन व्यवस्थापनं, दोन जगं आहेत. संग्रहालयात मुंबईतल्या नाना जातिजमातींच्या, धंद्यांच्या मातीच्या मूर्ती आहेत, होड्यांच्या प्रतिकृती आहेत. ती होडी कोणत्या लाकडाची? ते झाड बाहेर बागेत दाखवता येईल का? तो रंग कोणत्या मुळापासून, तो दोर कोणत्या सालीपासून? शाळेची सहल आली तर मुलांनी सकाळी झाडं पाहावीत आणि दुपारी दालनं. शिकवणारा एकच असावा. याला मोठा खर्च येत नाही. दोन खात्यांनी एका टेबलाशी बसावं लागतं, एवढंच.

दुसरं, झाडांसाठी माळी हवा, आणि माळ्याला प्रतिष्ठा हवी. संग्रहालयाच्या जीर्णोद्धारात जसा तज्ज्ञ कारागीर शोधला, तसा उर्वशीच्या मुळाशी काम करणारा माणूसही शोधून, शिकवून, टिकवून ठेवायला हवा. जुनं झाड पडलं तर त्याच जातीचं रोप त्या जागी लागलं पाहिजे, आणि ते आधीपासून रोपवाटिकेत वाढत असलं पाहिजे. शिवडीच्या त्या जुन्या उद्यानाचं कामच हे होतं.

आणि प्रत्येक झाडापाशी त्याचं मराठी नाव, ते कुठून आलं, त्याचा उपयोग काय, हे वाचता येईल अशा अक्षरांत असावं. मूळ देशाचं नाव लिहिलं की मुलाला नकाशा आठवेल.

श्रोतेहो, बुधवारी बाग बंद असते. इतर कोणत्याही दिवशी जा. घरातल्या एका लहान मुलाला बरोबर न्या आणि पिंजऱ्यांकडे जाण्याआधी तासभर झाडांखाली हिंडा. संग्रहालयाचं वेगळं तिकीट काढावं लागेल, तेही काढा. आणि परत आल्यावर, माझं बोलणं पटलं असेल तर, महापालिका आयुक्तांना एक पत्र लिहा. बाग आणि संग्रहालय यांचं एक तिकीट करा, एवढी एकच मागणी त्यात असू द्या. या सभागृहातून अशी शंभर पत्रं गेली तर त्यांची दखल घ्यावीच लागेल.